मागे सरकलेला स्क्रू

शिक्षकांच्या एका शिबिरात 'साधी यंत्रे' या विषयावर बोलून आम्ही खाली उतरलो, तेव्हा गणित शिकवणाऱ्या एक बाई मोबाईलवर दोन क्ष-किरण चित्रे उघडून उभ्या होत्या. चित्रे त्यांच्या आईच्या खुब्याची होती. आई न्हाणीत घसरून पडल्या, खुब्यापाशी मांडीचे हाड मोडले आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तीन स्क्रू घालून ते बसवले. मांडीच्या बाहेरच्या अंगाला दोन बोटे लांबीची जखम, चार टाके. पहिले चित्र त्या दिवशीचे, दुसरे सहा आठवड्यांनंतरचे.

"हे बघा सर," बाई म्हणाल्या, "आधी तिन्ही स्क्रूंची डोकी हाडाला टेकलेली होती. आता ती बाहेर आलीत. चार-पाच मिलीमीटर तरी असतील. डॉक्टर म्हणतात, ठीक आहे, असं होतं. स्क्रू बाहेर आला तर ठीक कसं? एवढ्याशा भोकातून बसवला म्हणूनच ना? नीट उघडून, डोळ्यांनी बघून बसवला असता तर?"

आम्ही धातूंवर संशोधन करणारे, डॉक्टर नव्हे. आईंनी काय करावे हे आम्ही सांगू शकत नव्हतो, आणि तसे बाईंना सांगितलेही. पण स्क्रू मागे का सरकतो आणि छेद लहान का ठेवतात, हे दोन्ही प्रश्न शाळेतल्या विज्ञानाच्या आणि भूमितीच्या आवाक्यातले आहेत. शिबिराच्या चहाच्या सुटीत ते पुरे झाले नाहीत, म्हणून हा लेख.

हाड कोण जोडते?

सुताराने दोन फळ्या स्क्रूने जोडल्या की त्या स्क्रूच्याच जोरावर जोडलेल्या राहतात. स्क्रू काढला की फळ्या सुट्या. हाडाचे तसे नसते, कारण हाड जिवंत आहे. नडगीचे हाड मोडले तर मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते, मग त्यात मऊ पेशीजाल तयार होते, त्याची कूर्चा बनते आणि शेवटी कूर्चेच्या जागी हाड येते. मोडलेल्या जागेभोवती हाडाचा एक फुगीर कडा तयार होतो. तो पुढे वर्ष-दोन वर्षांत झिजून मूळ आकार येतो. हे सारे काम हाडाचे बाह्य आवरण आणि आजूबाजूच्या रक्तवाहिन्या करतात. प्लास्टरचे काम इतकेच, की तोवर टोके जागेवर राहावीत. बांबूच्या कामट्या बांधणारा हाडवैद्यही हेच करायचा.

आता खुब्याकडे वळू. मांडीचे हाड वरच्या टोकाला आत वळते आणि तिथे त्याचा चेंडू होतो. हा चेंडू कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. पाठ्यपुस्तकात आपण याला उखळीचा सांधा म्हणतो. चेंडू आणि खालची लांब नळी यांना जोडणारा तिरका भाग म्हणजे हाडाची मान. वयस्कर माणूस कुशीवर पडले की बहुधा हीच मान मोडते, किंवा तिच्या जरा खालचा भाग.

मानेच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. मान सांध्याच्या पिशवीच्या आत, सांध्यातल्या द्रवात बुडालेली असते. फुगीर कडा बांधणारे आवरण तिच्यावर जवळजवळ नसते. त्यामुळे बाहेरून पूल बांधला जात नाही. मोडलेली दोन तोंडे एकमेकांना चिकटून, आतूनच जुळावी लागतात. दुसरी अडचण अधिक गंभीर. चेंडूला रक्त मुख्यतः मानेच्या पृष्ठभागावरून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते. मान मोडताना त्यातल्या काही तुटतातच. उरलेल्याही तुटल्या तर चेंडूतले हाड मरते. हे लगेच कळत नाही. काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी, चेंडू खचतो.

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. 'नीट उघडून' बघायचे म्हणजे सांध्याची पिशवी चिरायची, आणि त्या रक्तवाहिन्या तिथेच आहेत. शल्यविशारद त्या सांभाळून सांधा उघडू शकतात. तरुण माणसाचे तुकडे बाहेरून जुळत नसतील तर उघडतातही. पण बाहेरून जुळत असताना विनाकारण कोणी उघडत नाही. छेद दोन बोटांचा असण्यामागे दिसण्याचा विचार फार थोडा आहे. 'बिनटाक्याची शस्त्रक्रिया' अशी पाटी पाहिली की म्हणूनच आम्हाला जरा राग येतो.

थोडे अंकगणित

दोन तोंडे आतून जुळायची तर ती किती स्थिर हवीत? १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये स्टीफन पेरेन यांनी यावर एक साधा विचार मांडला. फटीत तयार होणारे नवे पेशीजाल हलण्यामुळे ताणले जाते. प्रत्येक प्रकारच्या जालाची ताण सोसण्याची मर्यादा ठरलेली आहे. सुरुवातीचे मऊ जाल मूळ लांबीच्या दुप्पट झाले तरी तुटत नाही, म्हणजे १०० टक्के ताणले जाते. कूर्चा सुमारे १० टक्के. हाड जेमतेम २ टक्के. ज्या फटीत ताण २ टक्क्यांहून जास्त आहे, तिथे हाड तयारच होऊ शकत नाही.

समजा फट १ मिलीमीटरची आहे आणि तुकडे ०.१ मिलीमीटर हलतात. ताण १० टक्के. आता फट कमी करून ०.१ मिलीमीटर केली आणि हालचाल तेवढीच ठेवली, तर ताण १०० टक्के! हे गणित विद्यार्थ्यांना घालून पाहा. फट लहान म्हणजे चांगली, अशी सगळ्यांची पहिली समजूत असते. ती हालचालही थांबली तरच खरी ठरते. म्हणून तुकडे नुसते जवळ आणून भागत नाही. ते एकमेकांवर दाबून धरावे लागतात.

शरीराकडेही यावर एक उपाय असतो. जिथे ताण जास्त पडतो तिथे मोडलेल्या तोंडांवरचे थोडे हाड विरघळते. फट रुंदावते आणि रुंद फटीत तेवढ्याच हालचालीने ताण कमी पडतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी. मागे सरकलेल्या स्क्रूचे मूळ इथे आहे.

अर्ध्यावरच आटे का?

बाईंच्या चित्रात स्क्रू नीट पाहिले तर आटे फक्त पुढच्या टोकाला दिसतात. मागची सारी दांडी गुळगुळीत. सुताराच्या जुन्या लाकडी कामाच्या स्क्रूलाही डोक्याखाली काही भाग गुळगुळीत असतो. तो का, हे वर्गात करून पाहता येते.

कपड्याच्या साबणाच्या दोन वड्या एकमेकींवर ठेवा, मध्ये पुठ्ठ्याच्या तुकड्याने बारीकशी फट राखा. वरून एक लांब स्क्रू पिळत न्या, असा की त्याचे आटे दोन्ही वड्यांत गुंततील. पुठ्ठा काढून घेऊन स्क्रू कितीही पिळा, फट मिटत नाही. वरच्या वडीत एक पीळ पुढे गेला की खालच्या वडीतही तेवढाच पुढे जातो. आता वरच्या वडीतले भोक स्क्रूपेक्षा मोठे करून घ्या आणि डोक्याखाली एक वायसर घाला. या वेळी आटे फक्त खालच्या वडीत गुंततात, वरच्या वडीला फक्त डोके अडते. पिळत गेलो की खालची वडी वर ओढली जाते आणि फट मिटून दोन्ही एकमेकींवर दाबल्या जातात.

मानेतल्या स्क्रूचे काम अगदी असेच चालते. आटे चेंडूत गुंततात, गुळगुळीत दांडी मोडलेली रेघ ओलांडते, डोके नळीच्या बाहेरच्या कठीण कवचाला अडते. यात एक अट आहे. सगळे आटे रेघेच्या पलीकडे, चेंडूत असले पाहिजेत. एखादा आटा जरी रेघेच्या अलीकडे राहिला तरी तो दोन्ही तुकड्यांना त्याच अंतरावर अडवून धरतो. चेंडू लहान असला तर जागा कमी पडते, म्हणून स्क्रू १६ मिलीमीटर आट्यांचे आणि ३२ मिलीमीटर आट्यांचे असे दोन्ही मिळतात. आटे खोल आणि विरळ असतात, कारण चेंडूतले हाड पावासारखे जाळीदार आहे. बारीक आट्यांना तिथे पकड मिळत नाही.

आता तिन्ही स्क्रू पुन्हा पाहा. ते एकमेकांना समांतर आहेत. साधारणपणे ते उलट्या त्रिकोणात घालतात, दोन वर आणि एक खाली. खालचा स्क्रू मानेच्या तळाच्या दाट हाडाला लगटून जातो. पण समांतर कशासाठी? टेबलाचा खण आठवा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या समांतर असल्या तरच तो सरकतो, एक जरी तिरकी झाली की अडकतो. हाडाच्या तोंडांवरचा थर विरघळला की तुकड्यांमध्ये फट पडते. रुग्णाच्या वजनाने आणि स्नायूंच्या ओढीने चेंडू खाली येऊन ती फट मिटवू पाहतो. चेंडू स्क्रूंच्या आट्यांना घट्ट धरून आहे. तो खाली येतो तेव्हा तिन्ही स्क्रू त्याच्याबरोबर येतात, त्यांच्या गुळगुळीत दांड्या नळीतल्या भोकांतून बाहेर सरकतात आणि डोकी कवचापासून दूर दिसू लागतात.

म्हणजे बाईंच्या चित्रात स्क्रू ढिले झाले आहेत असेच मानायचे कारण नव्हते. चेंडू खाली बसला आणि स्क्रूंनी त्याला वाट दिली, असाही त्याचा अर्थ होतो. स्क्रू तिरपे असते किंवा आटे रेघेवर असते, तर डोकी पहिल्या दिवसासारखीच कवचाला टेकलेली दिसली असती. चित्र देखणे दिसले असते आणि आत फट उघडी राहिली असती.

या सरकण्यालाही मर्यादा आहे. मान आखूड होते तितका पाय किंचित आखूड होतो आणि कमरेच्या स्नायूंची तरफ लहान होते. दोन-चार मिलीमीटर फारसे कळत नाहीत. सेंटिमीटरच्या घरात गेले तर लंगडणे जाणवते, आणि बाहेर आलेली डोकी मांडीच्या स्नायूंना टोचतात. म्हणून काही शल्यविशारद अलीकडे तिघांपैकी एखादा स्क्रू मुद्दाम पूर्ण आट्यांचा घालतात, लांबी राखायला. हा वाद अजून मिटलेला नाही.

न बघता नेम कसा धरतात?

हाड न उघडता तीन स्क्रू समांतर कसे जातात, ही यातली सर्वांत सुंदर युक्ती, आणि ती जुनी आहे. बॉस्टनमधील स्मिथ-पीटरसन यांनी १९२५ पासून तीन पाकळ्यांचा एक पोलादी खिळा या मोडलेल्या मानेसाठी वापरायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यासाठी सांधा उघडावा लागे. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, स्वीडनमधील गॉथेनबर्गच्या स्वेन योहान्सन यांनी त्या खिळ्याला लांबीभर आरपार भोक पाडलेले रूप मांडले. आधी हाडात एक बारीक तार घालायची, क्ष-किरण चित्राने ती योग्य जागी आहे का बघायचे, आणि मग पोकळ खिळा त्या तारेवरून आत सरकवायचा. सांधा उघडायचे कारण उरले नाही.

आजचा पोकळ स्क्रू याच कल्पनेचा वंशज आहे. स्क्रू ७.३ मिलीमीटर जाडीचा असेल तर तार असते २.८ मिलीमीटरची. रुग्णाचे पाऊल खास टेबलाच्या बुटात अडकवून पाय ओढतात व आत वळवतात. 'सी' अक्षराच्या आकाराचे क्ष-किरण यंत्र पडद्यावर हाड दाखवत असते. तुकडे जुळले की बाहेरून छोटा छेद घेऊन तार आत घालतात. तिरकी गेली तर मागे घ्यायची आणि पुन्हा घालायची. बारीक भोक हाड सोसते, जाड स्क्रूचे चुकलेले भोक सोसत नाही. (बारीक भोकांचीही चाळण करून चालत नाही, हे खरे.) तारेची एकूण लांबी माहीत असते. बाहेर उरलेली लांबी मोजून वजा केली की हव्या त्या स्क्रूची लांबी मिळते. मग तारेवरून पोकळ गिरमिट, त्यामागून पोकळ स्क्रू, आणि शेवटी तार काढून घेतात.

पोकळ स्क्रू कमजोर नाही का? गोल दांडीचे वाकण्याला होणारे प्रतिरोधन व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. भोक बाहेरच्या व्यासाच्या निम्मे धरले, तर धातू एक-चतुर्थांश कमी होतो, पण वाकण्याविरुद्धची ताकद फक्त एक-सोळांश घटते. सायकलच्या नळ्या आणि बांबू यांचे गणितही हेच.

नेमाचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. क्ष-किरण चित्र ही सावली आहे. सावलीत एक मिती हरवते, म्हणून दोन दिशांनी चित्रे घेतात, समोरून आणि बाजूने. दोन्ही चित्रांत स्क्रूचे टोक चेंडूच्या आत दिसले की ते आत आहे, असे आपल्याला वाटते. फळ्यावर गणित करून बघू. चेंडूची त्रिज्या २२ मिलीमीटर धरा. टोक चेंडूच्या मध्यापासून १७ मिलीमीटर वर आणि १७ मिलीमीटर पुढे आहे. समोरच्या चित्रात फक्त 'वर'चे अंतर दिसते, १७ मिलीमीटर, म्हणजे कडेपासून ५ मिलीमीटर आत. बाजूच्या चित्रात फक्त 'पुढे'चे अंतर दिसते, तेही १७, म्हणजे पुन्हा ५ मिलीमीटर आत. पायथागोरसला विचारा. १७ चा वर्ग अधिक १७ चा वर्ग म्हणजे ५७८, आणि त्याचे वर्गमूळ २४.०४. टोक हाडाच्या २ मिलीमीटर बाहेर आहे! तिथली कूर्चा क्ष-किरणांत दिसत नाही. टोक तिच्यात घुसलेले असते, आणि पाय हलला की समोरच्या वाटीला घासू लागते.

मोसंब्यात एक सुई तिरकी खुपसून टोक जरासे बाहेर काढा आणि उन्हात तिची सावली पाहा. दोन काटकोनी दिशांनी टोक लपवणे फारसे अवघड नाही. पण मोसंबे हळूहळू फिरवत सावली बघत राहिलात तर एका जागी टोक डोकावतेच. शस्त्रक्रियेतही अखेरीस असेच करतात. यंत्र किंवा पाय सावकाश फिरवत पडद्यावर पाहत राहायचे. टोक कडेच्या जवळ येते आणि पुन्हा दूर जाते. ते कडेच्या सर्वांत जवळ असते तो क्षण खरा.

योहान्सन यांच्या काळी प्रत्येक वेळी चित्र काढून धुवायला लागे. १९५० च्या दशकात प्रतिमा उजळ करणारी नळी आली आणि पडद्यावर सलग पाहणे शक्य झाले. त्याचीही किंमत आहे. छेद जितका लहान, तितके डोळ्यांचे काम क्ष-किरणांवर जास्त पडते. रुग्णाला ते एकदा सोसायचे असतात, शस्त्रक्रियागृहातील माणसांना रोज. शिशाचे जड अंगरखे घालून ती तासन्‌तास उभी असतात ती याचमुळे.

लहान छेदाने काय साधते, काय साधत नाही

या स्क्रूंना एक पर्याय आहे. चेंडूत एकच जाड सरकता स्क्रू आणि त्याला जोडलेली, नळीवर बसवलेली धातूची पट्टी. त्यासाठी छेद मोठा लागतो. दोहोंची तुलना करणारा, भारतासह आठ देशांत पन्नाशीच्या पुढच्या रुग्णांवर झालेला 'फेथ' नावाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांचे प्रमाण पट्टीच्या गटात २० टक्के आणि सुट्या स्क्रूंच्या गटात २२ टक्के होते. म्हणजे फरक नाही असेच म्हणायचे. रक्त तुटून चेंडू मरण्याचे प्रमाण मात्र पट्टीच्या गटात ९ टक्के आणि सुट्या स्क्रूंच्या गटात ५ टक्के निघाले. आम्हाला यातला सर्वांत बोलका आकडा पहिला वाटतो. कोणतेही साधन वापरले तरी साधारण पाचांतील एकावर पुन्हा टेबलावर जायची वेळ येते. लहान छेदाची जाहिरात करणाऱ्यांनी तो सांगायला हवा.

त्यामुळेच वृद्धांचा चेंडू जागेवरून पार सरकला असेल तर बहुतेक ठिकाणी स्क्रूंच्या वाटेला जात नाहीत. चेंडूच बदलून धातूचा बसवतात, म्हणजे रुग्ण लवकर उभा राहतो. म्हातारपणी महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळणे मोडलेल्या हाडापेक्षा धोक्याचे. पाठीला जखमा होतात, फुप्फुसात कफ साठतो, पायांच्या शिरांत रक्त गोठते. बाईंच्या आईंची मान मोडली होती, पण तुकडे जवळजवळ जागच्या जागी होते. स्क्रू घालण्याजोगी मोड ती हीच.

शिबिरात बाईंना आम्ही एवढेच सुचवले की अंदाजाने 'चार-पाच मिलीमीटर' म्हणू नका, मोजा. क्ष-किरण चित्र हाडापेक्षा थोडे मोठे येते आणि मोबाईलवर तर ते हवे तेवढे मोठे करता येते. मग मोजपट्टी कुठली घ्यायची? स्क्रू स्वतःच मोजपट्टी आहे. त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास कागदपत्रांत लिहिलेला असतो. चित्रातला व्यास मोजायचा, गुणोत्तर काढायचे आणि त्याने डोक्याचे अंतर भागायचे. शिवाय दोन गोष्टी पाहायच्या. तिन्ही डोकी सारखीच बाहेर आली आहेत का? आणि पुढची टोके चेंडूत पहिल्या दिवशी होती तिथेच आहेत का? डोके बाहेर आणि टोकही चेंडूत मागे आले असेल, तर हाडाने पकड सोडली. टोक पुढे, चेंडूच्या कडेकडे गेले असेल, तर ते त्याहून वाईट. अशा वेळी डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचे.

आठ दिवसांनी त्यांचे पत्र आले. स्क्रू ७.३ मिलीमीटरचे. चित्र छापून मोजले तर व्यास ८.४, म्हणजे चित्र १.१५ पट मोठे. डोक्यांची अंतरे ४.६, ४.५ आणि ४.६, म्हणजे प्रत्यक्षात ४ मिलीमीटरच्या आसपास. टोके चेंडूत जागच्या जागी. हे आकडे त्यांनी डॉक्टरांना दाखवले, तेव्हा त्यांनी आपल्या नोंदीतले ४ काढून दाखवले. पुढचे चित्र बारा आठवडे भरल्यावर काढायचे आहे. तोवर आईंनी चौकटीची काठी धरून, दुखऱ्या पायावर थोडाच भार टाकत चालायचे आहे. आईंना जमिनीवर मांडी घालून भाजी निवडायला कधी मिळेल एवढेच हवे होते. त्याला डॉक्टरांनी अजून होकार दिलेला नाही.